सोव्हिएत दडपशाहीत हरवलेल्या पोलिश नातेवाइकाचा शोध कसा घ्यावा

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले आणि पुढील दोन वर्षांत तेथील असंख्य कुटुंबांतील माणसे अटकेत, हद्दपारीत किंवा गोळीबारात नाहीशी झाली. त्यांपैकी अनेकांचा माग आजही लागतो.

प्रथम घरातील पत्रे, बाप्तिस्म्याचे दाखले व छायाचित्रांमागील मजकूर पाहून वडिलांचे नाव, जन्मवर्ष आणि १९३९ मधील गाव निश्चित करावे. एकाच नावाची अनेक माणसे सापडतात, तेव्हा वडिलांच्या नावावरूनच आपला माणूस ओळखता येतो. रशियन लिपीत ‘ह’चा ‘ग’ होत असल्याने ‘हेलेना’ ही ‘गेलेना’ म्हणूनही शोधावी.

त्यानंतर माणूस केव्हा नेला गेला, हे ठरवावे. १० फेब्रुवारी १९४० च्या हद्दपारीत मुख्यतः लष्करी वसाहतकार (पूर्व पोलंडमध्ये जमिनी मिळालेले माजी सैनिक) आणि वनकर्मचारी सहकुटुंब गेले; १३ एप्रिलला अटकेतील व्यक्तींची कुटुंबे, बहुतांशी कझाकस्तानात; जूनअखेरीस जर्मन अमलातील प्रदेशातून पळून आलेले निर्वासित, ज्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते. चौथी लाट १९४१ च्या मे-जूनमधील आहे.

आता वॉर्सॉच्या कार्ता केंद्राने सुरू केलेली आणि आज पोलंडची राष्ट्रीय स्मृती संस्था सांभाळत असलेली दडपशाहीग्रस्तांची सूची इंटरनेटवर पाहावी. (जर्मन छळाचे बळी जर्मनीतील आरोल्सन अभिलेखागारात शोधावेत.)

व्यक्ती अधिकारी, पोलीस किंवा सरकारी नोकर असल्यास काटिन हत्याकांडाच्या याद्या अवश्य तपासाव्यात. सोव्हिएत नेतृत्वाच्या ५ मार्च १९४० च्या निर्णयानुसार सुमारे २२,००० लोकांना ठार करण्यात आले. कोझेल्स्क, ओस्ताश्कोव आणि स्तारोबेल्स्क या छावण्यांतील कैद्यांची नावे उपलब्ध आहेत. युक्रेनमधील तुरुंगांत असलेल्या ३,४३५ जणांची यादी १९९४ मध्ये पोलंडला मिळाली. बेलारूसमधील यादी मात्र अद्याप सापडलेली नाही, म्हणून मिन्स्कच्या बाजूला नेलेल्या माणसाचे नाव कुठेच नसले, तर तो वाचला असेल असा निष्कर्ष काढणे अत्यंत चुकीचे ठरेल. कुटुंबाला खोटी आशा देण्यापेक्षा नोंद अपुरी आहे असेच लिहून ठेवावे.

मूळ फाइल हवी असल्यास युक्रेनकडून सुरुवात करणे सोयीचे, कारण तेथील सोव्हिएत गुप्तपोलिसांचे दप्तर २०१५ च्या कायद्याने खुले झाले आहे. अर्जात वरील सर्व तपशील आणि अटकेचे ठिकाण लिहावे.

सोव्हिएत सरकारने पोलिश कैद्यांना व हद्दपारांना १९४१ मध्ये दिलेल्या माफीनंतर सुटलेली अनेक माणसे पोलिश जनरल आंदेर्स यांच्या सैन्यासोबत इराणमध्ये पोहोचली. त्यांच्यापैकी बऱ्याच स्त्रिया व मुले १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली, त्यामुळे सायबेरियानंतर माग तुटल्यास तेथील रहिवाशांच्या याद्या आणि कोल्हापुरातील पोलिश थडग्यांवरील नावेही पाहावीत.