‘हेअरड्रेसरची गाडी’ घेताना

ब्रिटनमध्ये माझदा एमएक्स-५ या दोन सीटच्या, कापडी टपाच्या स्पोर्ट्स कारला ‘हेअरड्रेसरची गाडी’ म्हणून हिणवतात. म्हणजे मालक हळू चालवणारा, गाडी जपलेली! पहिल्या पिढीची (१९८९-९७) जुनी गाडी घेताना या समजावर विसंबू नका. हळू चालवणाऱ्याची गाडीही गंजते, आणि गंज उभ्या गाडीलाही लागतो.

कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटबेल्टच्या खांबांमागच्या भोकांतून नळीने मागच्या चाकांपुढे खाली पडतं. नळी पानांनी तुंबली की ते दाराखालच्या पट्टीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. वरचा रंग मात्र चकाचक. टप अर्धवट उघडून दोन्ही बाजूंना अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. खाली धार लागली नाही तर पट्टीचं मागचं टोक अंगठ्याने दाबा. कुरकुरलं, की वेल्डिंगचा खर्च धरूनच बोला. नळी मोकळी करायला जाड नायलॉनची तार वापरा. हवेच्या दाबाने नळीच निसटते.

१९९१च्या सुरुवातीपर्यंतचं १.६ लिटरचं इंजिन असेल तर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर टॉर्च मारा. पुलीला खाचा चार असतील तर क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड. पुलीचा बोल्ट सैल पडला की त्या टोकावरची, पुली अडकवणाऱ्या धातूच्या खुंटीची खाच झिजते. आठ असल्या तर ती चिंता नाही.