हाटिंगेन बघायचं तर असं बघा

जर्मनीत एसेनला आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी कोलोनच्या आधी जवळच्या हाटिंगेन गावाला नेते. एस३ लोकल थेट हाटिंगेन मिटेपर्यंत जाते. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी तिथली मोठी संग्रहालयं बंद असतात.

आधी जुन्या गावात नुसतं भटका. लाकडी चौकटीची घरं गल्ल्यांवर झुकलेली आहेत. १६११ सालचं इस्त्रीच्या आकाराचं टोकदार घर, ब्युगेलआयझेनहाउस, चुकवू नका. सेंट गेऑर्ग चर्चचा कललेला मनोराही जरूर पाहा. फरसबंदी खडबडीत आहे, म्हणून सपाट तळव्यांचे बूट घाला.

मग हेनरिक्सह्युटे. १८५४ मध्ये सुरू झालेला हा पोलाद कारखाना. इथली शेवटची झोतभट्टी, म्हणजे लोखंड वितळवण्याची उंच भट्टी, १९८७ मध्ये विझली. ती वाचवण्यासाठी गावकरी रस्त्यावर उतरले होते. एक भट्टी सुटी करून चीनला गेली, दुसरी इथंच उभी आहे आणि तिच्यावर चढता येतं. घाई अजिबात करू नका, मला तर हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते.

कोळशासाठी शेजारच्या विटेनमधली नाखटिगाल खाण गाठा. हेल्मेट घालून, वाकून बोगद्यात शिरायचं आणि वाटाड्याबरोबर खरा कोळशाचा थर पाहायचा. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर लागतोच. फेरीची वेळ आधी ठरवून घ्या. नंतर वेळ उरला तर तिथल्याच मुटेनटाल खोऱ्यातल्या जंगलवाटेनं चाला, जुन्या खाणींच्या खुणा वाटेत भेटत राहतात.

रविवारी दुकानं बंद असतात, पाणी सोबत ठेवा.