जुनी मारुती ८०० पेट्रोल पिऊन बसली तर कशी चालू करायची

सेल्फ चांगला फिरतोय, पेट्रोलचा वास नाकात बसलाय, पण गाडी काय पेट घेत नाही, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. अशा वेळी बहुतेक लोक ॲक्सिलेटर धपाधप मारतात आणि चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल जास्त देणारा नॉब, अजून ओढतात, आणि नेमकं हेच करायचं नसतं. कार्बोरेटरवाल्या गाडीत, म्हणजे जिथं हवा आणि पेट्रोल कार्बोरेटरमध्ये मिसळतं, पेडल दाबलं की कार्बोरेटरमधला छोटा पंप दरवेळी पेट्रोलची पिचकारी आत मारतो, इंजिन चालू असो नाहीतर बंद. दहा वेळा पाय मारला की दहा पिचकाऱ्या. इंजिनला आत्ता पेट्रोल नकोय, हवा पायजे, एवढं डोक्यात ठेवा.

पुढं जायच्या आधी सांगली-मिरजेतल्या मंडळींसाठी एक गोष्ट. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असंल, २०१९ ला आणि २०२१ ला आपल्याकडं किती गाड्या तशा गेल्या सगळ्यांनी बघितल्यात, तर तिला यातलं काहीही करू नका, सेल्फला हातसुद्धा लावू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खर्च गाडीच्या किमतीवर जातो. बॅटरीची वायर काढायची आणि गाडी ओढत गॅरेजला न्यायची. खालचं सगळं फक्त पेट्रोल जास्त झालेल्या गाडीसाठी आहे.

आता रीत. चोकचा नॉब पूर्ण आत ढकला. बॉनेट उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं गाडीला हात लावू नका, आतलं थोडं पेट्रोल आपोआप उडून जातं, जवळ कुणी बिडी-सिगरेट ओढत असंल तर त्याला लांब पाठवा. मग सीटवर बसून ॲक्सिलेटर हळू, एकदाच, तळापर्यंत दाबा आणि तिथंच धरून ठेवा. पाय वरखाली करायचा नाही. तसंच धरून पाच-सात सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, परत मारा. मध्ये थांबायचं कारण सेल्फची मोटर तापते आणि बॅटरी बसते, आणि बॅटरी बसली की ठिणगी टाकणाऱ्या प्लगला करंट पण कमी मिळतो म्हणजे दोन्हीकडनं मेलात. पेडल पूर्ण दाबल्यामुळं हवेचा रस्ता मोकळा होतो, पेट्रोल ओढणारा व्हॅक्यूम कमी होतो, आणि इंजिन स्वतःच आतलं पेट्रोल सायलेन्सरमधनं बाहेर फेकतं. आधी खुडबुड करंल, एखादा सिलिंडर पेट घेईल, तेव्हा घाबरून पाय काढू नका, दमानं घ्या, इंजिन नीट फिरायला लागलं की मगच हळूहळू सोडा. काळा धूर येईल, तो येऊ द्या.

इंजेक्शनवाल्या गाडीला, म्हणजे जिथं कार्बोरेटर नसून इंजेक्टर पेट्रोल फवारतो, तिला पण हीच युक्ती चालते, फक्त क्रम महत्त्वाचा, आधी पेडल तळाला आणि मग चावी. बहुतेक गाड्यांत असं केलं की कॉम्प्युटर सेल्फ फिरतोय तोवर इंजेक्टर बंद ठेवतो.

चार-पाच वेळा करून पण नाही झाली तर प्लग काढायचे. ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे तीनच प्लग, काम काय मोठं नाही. काढायच्या आधी वायरींवर खुणा करा, १-२-३, नाहीतर उलटसुलट लागल्या तर तुम्ही पेट्रोलच्या मागं लागाल आणि दोष वायरीत असंल. प्लग हातात आला की नीट बघा. जास्त पेट्रोल झालेला प्लग ओला चकचकीत दिसतो, मधल्या पांढऱ्या चिनीमातीवर काळपट ओल धरलेली असती, आट्यांत थेंब अडकलेला असतो आणि वास लगेच कळतो. नुसता सुका काळा काजळीवाला असंल तर ते जुनं दुखणं, एअर फिल्टर किंवा सेटिंगचं. ओला प्लग फडक्यानं पुसा, काजळी ब्रशनं काढा आणि उन्हात ठेवा, जवळ नवीन सेट असंल तर सरळ नवीनच टाका, प्लग स्वस्त असतात आणि उगाच दिवस जातो.

प्लग बाहेर असताना इंजिन दोन-तीनदा फिरवलं की आतलं पेट्रोल भोकांतनं फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हे करताना कॉइलला, म्हणजे प्लगसाठी करंट तयार करणाऱ्या डब्याला, येणारी बारीक वायर आधी काढून ठेवा, कुठंच ठिणगी पडता कामा नये, आणि तोंड बॉनेटवर घालून बघत बसू नका. यात हयगय केली तर गाडी पेटते. मग अर्धा तास भोकं उघडीच ठेवा.

आणि इंजिन जुनं असंल, पिस्टनच्या रिंगा घासलेल्या असतील, तर प्रत्येक भोकात छोटा चमचाभर इंजिन ऑइल सोडा. जास्त पेट्रोलनं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बसत नाही आणि प्लग कितीबी कोरडे केले तरी गाडी उठत नाही. माझदाच्या आरएक्स-८ चं रोटरी इंजिन याच कारणानं बदनाम आहे, तिथं पिस्टनच्या जागी तिकोनी रोटर फिरतो, त्याच्या टोकांवरच्या सीलना ऑइलचा थर लागतो, थंड गाडी चालू करून लगेच बंद केली की पेट्रोल तो थर धुऊन टाकतं. तिथले लोकपण प्लग काढून आत ऑइलच सोडतात, रोटर दोन, एका रोटरला दोन प्लग म्हणजे एकूण चार काढावे लागतात एवढाच फरक. चालू झाल्यावर ऑइल जळून निळसर पांढरा धूर निघतो, थोड्या वेळानं थांबतो.

प्लग लावताना आधी हातानंच आटे बसवा, पाना शेवटी. हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकडा बसवून ताकद लावली तर आटे गेले. कॉइलची वायर परत जोडायला विसरू नका.

बॅटरी बसली असंल तर धक्का मारून चालतं, दुसरा गिअर, चोक आत, पेडल तळाला. सायलेन्सरमध्ये कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असंल तर धक्का लांब मारत बसू नका, न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटलं की तो तापून खराब होतो.

गाडी चालू झाली की संपलं असं नाही. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येत असंल किंवा लेव्हल वाढलेली दिसली तर ऑइल बदला, पातळ ऑइलवर गाडी चालवली की बेअरिंग जातात.

हे परत परत होत असंल तर कार्बोरेटरमधली निडल आणि फ्लोट तपासून घ्या, पेट्रोल भरलं की फ्लोट वर येऊन निडलनं येणारं पेट्रोल बंद करतो, निडल नीट बसत नसंल तर गाडी उभी असताना पण पेट्रोल झिरपतं. चोकची केबल अडकून चोक अर्धा ओढलेलाच राहतो का ते पण बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय, जुन्या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणून कार्बोरेटरचं किट आणि पाइप एकदा बदलून टाका. एप्रिल-मे च्या उन्हात गाडी लांबनं आणून बंद केली आणि पाच मिनिटांनी चालू होईना, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत गेलेलं असतं, तिथं चोकला हातच लावू नका, पेडल तळाला धरून सेल्फ मारा. आणि गेटमधनं गाडी नुसती बाहेर काढून लगेच बंद करायची सवय असंल तर सोडा, दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या आणि मगच बंद करा.