हाताने फिरवायचा मांसाचा स्लायसर: अडकणारी ट्रे आणि फाटणारे काप

जुना फ्लायव्हीलवाला (बाजूला जड चाक असलेला) स्लायसर हाती आला तेव्हा काप एकीकडे जाड, दुसरीकडे फाटलेले येत. सगळे म्हणाले, पातं गेलं. मला ते पटेना, कारण चाक फिरवताना मांस ठेवायची ट्रे मध्येच अडखळत होती.

ट्रे ज्यांवर सरकते त्या दांड्यांवर आधीच्या कुणीतरी खाद्यतेल घातलं होतं. ते वाळून चिकट होतं, गोंदासारखं. कोमट साबणपाण्याच्या फडक्याने पुसून, कोरडं करून फूड-ग्रेड मिनरल ऑइलचे मोजके थेंब घातले. ट्रे सुरळीत धावू लागली, जाडीतला फरक गेला. फाटणं मात्र राहिलं.

मग धार. आधी पात्यावरची चरबी पुसायची, नाहीतर धार लावायचे दोन्ही दगड तुपकट होऊन नुसते घसरतात. धारेच्या उतारावर मार्करने रेघ ओढली, पहिला दगड टेकवून चाक हळू फिरवलं. रेघ अगदी कडेपर्यंत पुसली गेली म्हणजे दगड बरोबर बसलाय. या घासण्यामुळे दुसऱ्या बाजूला वळलेली बारीक कड दुसऱ्या दगडाने क्षणभरच घासायची. इथे उत्साह नको, पातं उगाच झिजतं. नंतर धातूची भुकटी पुसणं आलंच.

मोटार नाही म्हणून हे यंत्र गरीब वाटतं. पण हात सोडला तरी जड चाक फिरत राहतं, पातंही. पुसण्याआधी कापाची जाडी शून्यावर, चाक पूर्ण थांबलेलं आणि खिळलेलं, हातात कापरोधक मोजे. फडकं पात्याच्या मध्याकडून कडेकडे. शेवटचा तुकडा हाताने ढकलायचा नाही, तो सुरीने कापावा.