अपघातांचा महिन्याचा तक्ता मांडताना या चुका टाळा

कोल्हापूर शहरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली तरुण मंडळं, कॉलेजची एनएसएसची मुलं, एखाददुसरा नवा बातमीदार असे बरेच जण आता आपापल्या भागातल्या अपघातांचा महिनावार हिशेब ठेवू लागले आहेत. काम चांगलं आहे, आणि ते गावातल्याच माणसांनी करावं असं मला मनापासून वाटतं. पण हे तक्ते बघायला माझ्याकडे येतात तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. कागदावरची चूक कागदावरच राहिली असती तर मी गप्प बसलो असतो. पण याच तक्त्यांवरून निवेदनं जातात, बातम्या छापून येतात, रस्त्यावर गतिरोधक पडतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

एका महिन्यावरून निकाल लावणं

सगळ्यात घातक चूक ही. 'अपघातांत १०० टक्के वाढ' असं वर ठळक लिहिलेलं असतं, आणि आत बघावं तर मागच्या महिन्यात दोन अपघात, या महिन्यात चार. लहान गावाचे आकडे मुळात छोटे असतात. महिन्याला सरासरी चार अपघात होणाऱ्या गावात रस्ता तोच, रहदारी तीच, तरी एखाद्या महिन्यात एकच होतो आणि एखाद्या महिन्यात सात-आठ होतात. एवढी हालचाल काहीही न बदलता होते.

जिल्ह्यातल्या एका गावात काय झालं ते सांगतो. नाव घेत नाही, कारण तिथल्या पोरांनी जे केलं ते तळमळीनं केलं. गावाबाहेर एक वळण आहे. एका सप्टेंबरात तिथं लागोपाठ तीन अपघात झाले आणि कॉलेजला निघालेला एक मुलगा गेला. गाव पेटलं. रास्ता रोको झाला, आणि आठवड्याच्या आत रातोरात डांबर ओतून एक उंच गतिरोधक आडवा टाकला गेला. रंग नाही, फलक नाही. ऑक्टोबरात तिथं एकही अपघात झाला नाही. गतिरोधक मिळवून देणाऱ्यांचा सत्कार झाला आणि पोरं तक्ता घेऊन माझ्याकडे आली. "काका, एकबी न्हाई बगा. गतिरोधकानं काम केलं."

मी म्हटलं, मागच्या तीन वर्षांचे ऑक्टोबर काढून आणा. आणले. तिन्ही वर्षी ऑक्टोबरात त्या वळणावर अपघात नव्हता. म्हणजे एक वाईट महिना गेला की पुढचा नेहमीसारखाच जाणार होता, गतिरोधक असो वा नसो. हे त्यांना पटलं नाही. तरण्या पोरांना हातात लगेच काहीतरी दिसावं लागतं, ते मी समजू शकतो.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर त्या उंचवट्यावरून जाताना जवळजवळ थांबतोच. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, नाहीतर खाली लोंबणाऱ्या वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, झाकलेला. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीला पुढं काळोखात काहीतरी उभं आहे हे दिसतं तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. जानेवारी संपेपर्यंत गतिरोधकाच्या अलीकडे, जिथं पूर्वी कधी काही झालं नव्हतं तिथं, मागून धडकण्याचे दोन अपघात झाले. दुसऱ्यातला माणूस कामाच्या पाळीवरून घरी चालला होता. तो वाचला, पण पाय गेला.

त्यानंतर आम्ही सगळे त्या वळणावर गेलो. जवळच पंक्चरचं दुकान आहे. तिथले मामा सगळं बघत होते, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाले, "पोरांनो, पावसात ह्या पाणंदीतनं ट्रॅक्टर भाईर येत्यात, चाकाचा चिखल डांबरावर पडतोय आन् वळणावर गाडी घसरती. येगाचं काय न्हाई तितकं." सप्टेंबरातले तीन अपघात त्या चिखलाचे होते. उपाय होता पाणंदीच्या तोंडाला खडी-मुरूम टाकण्याचा. पुढं तो टाकला, ओबडधोबड गतिरोधक काढला आणि वळणाआधी रात्री चमकणारे फलक लावले. हे पहिल्याच आठवड्यात करता आलं असतं.

गतिरोधक मागायचाच असेल तर त्याचं माप माहीत असू द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असा सौम्य गोलाईचा असतो, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी न आदळता जाते. वर काळे-पांढरे पट्टे लागतात आणि ४० मीटर आधी सूचनाफलक. आपल्याकडे हातभर रुंदीचे जे उंचवटे दिसतात त्यांना गतिरोधक म्हणू नये.

माझी सवय अशी: चौकटीच्या वहीत प्रत्येक महिन्याच्या आकड्यापुढं शेवटच्या रकान्यात मागच्या १२ महिन्यांची बेरीज लिहायची. नवा महिना आला की तो मिळवायचा, गेल्या वर्षीचा तोच महिना वजा करायचा. बोलायचं ते त्या रकान्यावरून. आणि आकडा तिसाच्या खाली असेल तर टक्केवारी काढायचीच नाही, सरळ 'दोनाचे चार' लिहायचं. संगणकावर आलेख लगेच होतो हे मलाही माहीत आहे, पण पेन्सिलीनं बेरीज करताना माणूस प्रत्येक आकड्यापाशी थांबतो. म्हणून नव्या मुलांना पहिलं वर्षभर मी वहीच वापरायला लावतो.

कॅलेंडर न बघता तुलना

वरची चूक टाळायला काही जण गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतात. हे बरं, पण आपले सण इंग्रजी महिन्यानं चालत नाहीत. २०२४ साली नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं. २०२५ साली घट २२ सप्टेंबरला बसले. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी एका वर्षी ऑक्टोबरात आणि पुढच्या वर्षी बहुतेक सप्टेंबरात मोजली गेली. दोन ऑक्टोबर शेजारी मांडून 'अपघात घटले' म्हणण्यात काय अर्थ आहे? दिवाळीचंही तेच. जोतिबाचा रविवार आहे, त्यामुळे ज्या महिन्यात पाच रविवार येतात तो जोतिबाच्या डोंगराकडं, केर्ली-वाडी रत्नागिरीच्या बाजूला, वेगळा वाचावा लागतो. फेब्रुवारी तर जानेवारीपेक्षा तीन दिवसांनी छोटा असतो, म्हणजे जवळपास दहावा हिस्सा असाच कमी होतो.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक बंद झाली. गाड्याच नाहीत तर अपघात कुठून होणार? २०२० चे टाळेबंदीचे महिनेही तसेच. हे महिने मी वहीत लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवतो आणि कुठल्याच तुलनेत धरत नाही. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम जिथं जिथं चालू होतं तिथल्या वळवलेल्या रस्त्यांची नोंदही शेजारी ठेवतो.

जागा नीट न लिहिणं

ही माझ्या दुसऱ्या रागाची गोष्ट. 'तावडे हॉटेलजवळ', 'शिरोली हद्दीत', 'कागलनजीक'. तावडे हॉटेलजवळ म्हणजे नेमकं कुठं? शहरात वळणाऱ्या फाट्यावर, पुलाखाली, सेवा रस्त्यावर की उचगावच्या बाजूला? चारही ठिकाणची अडचण वेगळी आणि उपायही वेगळा.

एका हुशार मुलीनं वर्षभराचे अपघात मोबाइलच्या नकाशावर टाचण्या लावून दाखवले होते. मेहनत भरपूर होती. पण सगळ्यात दाट टाचण्या एका पोलीस ठाण्याच्या दारातच! झालं असं की जिथं नेमकी जागा कळली नाही तिथं तिनं ठाण्याचं नाव टाकून शोधलं आणि नकाशानं ठाणं दाखवलं. मी तिला फिर्यादीचा छापील नमुना दाखवला. त्यात 'पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर' असा रकाना असतो. 'उत्तरेस ४ कि.मी.' एवढं मिळालं तरी किलोमीटरच्या दगडावरून जागा बरीचशी पकडता येते. मग तिथं स्वतः जायचं. आता अपघाताची नोंद अॅपवर होते आणि त्यात जागा आपोआप येते, पण ती नोंद जागेवर उभं राहून भरली की नंतर, हे विचारल्याशिवाय त्या टाचणीवरही विसंबू नका.

हे एवढ्यासाठी सांगतो की राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे वारंवार अपघात होणारी धोक्याची जागा, ठरतो तो साधारण ५०० मीटरच्या टप्प्यावरून. त्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू, अशी अट आहे. तुमच्या तक्त्यात जागाच दोन किलोमीटरनं हलत असेल तर खरोखर धोक्याचा टप्पा निकषात बसतच नाही आणि दुरुस्तीच्या यादीत त्याचं नाव येत नाही.

जागेवर गेलात की चहाच्या टपरीवर बसा, पंक्चरवाल्याशी बोला, वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपच्या, ड्रायव्हरना विचारा. आणि ज्या वेळी अपघात झाला त्या वेळी जा. रात्री साडेनऊच्या अपघाताची जागा दुपारी बघून काही कळत नाही.

अपघात आणि मृत्यू एकाच रकान्यात

जानेवारी २०१८ मध्ये शिवाजी पुलावरून मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि १३ जण गेले. अपघात एक, मृत्यू तेरा. फक्त मृत्यू मोजले तर तो महिना आभाळाला टेकतो, फक्त अपघात मोजले तर त्या रात्री काही झालंच नाही असं वाटतं. दोन रकाने ठेवा, कायम.

महिना लवकर बंद करणं

पहिल्या दिवशीच्या बातमीत 'गंभीर जखमी' असतो. त्याला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, आणतात, तिथून कधी खासगी दवाखान्यात हलवतात, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी तो माणूस जातो. ही बातमी बहुतेक वेळा येतच नाही, आली तर आतल्या पानावर चार ओळी. तक्त्यात मात्र तो जन्मभर जखमीच राहतो. जगात बहुतेक ठिकाणी ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू रस्ते अपघातातला मृत्यू धरतात. म्हणून मार्चचा तक्ता मी एप्रिल संपल्याशिवाय बंद करत नाही. एक तारखेला आकडे छापायची घाई कशासाठी? ज्या घरातला माणूस गेला त्या घराला तो मोजला गेला की नाही याचं सुख-दुःख असतं, हे मी पाहिलं आहे.

हद्दही तपासा. सीपीआरमध्ये जिल्हाभरातून रुग्ण येतात, कोकणातून आणि सीमेपलीकडूनही येतात. मृत्यूची नोंद शहरात झाली म्हणून अपघात शहरातला होत नाही.

कलमं बदलली हे विसरणं

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणानं मृत्यूचं जुनं ३०४ (अ) आता १०६ (१) झालं, भरधाव वाहन चालवण्याचं २७९ आता २८१. जुनी कलमं शोधून 'अपघात एकदम थांबले' असं सांगणारे मला भेटले आहेत. याहून बारीक गोष्ट अशी की गंभीर दुखापतीच्या व्याख्येत तीव्र वेदना किंवा रोजचं काम बंद राहण्याचे जे २० दिवस होते ते आता १५ झाले आहेत. जुलै २०२४ च्या आधीच्या आणि नंतरच्या 'गंभीर जखमी' आकड्यांच्या मधे रेघ मारा, ते सरळ एकमेकांशी जोडू नका.

'नियंत्रण सुटल्याने'

हे कारण लिहू नका. का सुटलं ते लिहा. कळलं नसेल तर रकाना कोरा ठेवा.

किरकोळ अपघातांवर विसंबणं

बरेचसे जागेवरच आपसात मिटतात, त्यांची नोंदच होत नाही. तक्ता मृत्यू आणि गंभीर जखमींवरच बांधा.

उलट टोकाची चूक

वर तीन वर्षांचे आकडे, १२ महिन्यांची बेरीज असं बरंच सांगितलं, म्हणून कुणी हात बांधून बसू नये. बंद पडलेला पथदिवा, वळणावर वाढलेली झुडपं, उघडं गटार, रस्त्याच्या कडेला दिव्याशिवाय उभी ट्रॉली यांना कुठल्याही तक्त्याची वाट बघायची गरज नाही. दिसलं त्या दिवशी फोटो काढा आणि अर्ज द्या.

अर्ज मात्र योग्य दारात गेला पाहिजे. यातच सगळ्यात जास्त वेळ वाया जाताना बघतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याचं काम बघणारी केंद्राची यंत्रणा, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरातले महापालिका किंवा नगरपालिकेकडे. रस्त्याचा क्रमांक किलोमीटरच्या दगडावर असतो. डोक्याचा रंगही बघा: राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्यमार्गाला हिरवा. अर्जात क्रमांक, किलोमीटर, वेळ आणि काय करून हवं ते एका वाक्यात लिहा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या आणि पोहोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आवक क्रमांक वहीत त्याच महिन्याच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात पाठपुरावा करायला जाणारा मुलगा वेगळा असला तरी त्याचं काम अडत नाही.