तीन सिस्टिमवरचे बिल्ड सांभाळताना

मराठी मजकूर तपासणारं एक पायथन टूल मी सांभाळते. त्यातला वेगाचा भाग सी भाषेत आहे, त्यामुळे लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींसाठी वेगळे बिल्ड (कोडपासून बनवलेल्या, चालवता येणाऱ्या फाइली) लागतात. ते गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे कोड ठेवायच्या गिटहब साइटच्या सेवेवर, आपोआप होतात.

वर्कफ्लोमध्ये (या कामांच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये) कोणतं लिनक्स मशीन हवं ते सांगताना ‘उबंटू-लेटेस्ट’ लिहू नका, उबंटूची आवृत्ती लिहा. हे लेबल २०२५ च्या सुरुवातीपर्यंत २२.०४ वरून २४.०४ वर सरकलं. २२.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सवरचे प्रोग्राम ज्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. नव्यावर बनवलेली फाइल जुन्या मशीनवर उघडलीच नाही, असं होऊ शकतं. लोकांकडे जुनीच मशीन जास्त असतात हो! मी व्हील (पायथनचं तयार पॅकेज) जुन्या जीलिबसीवरही चालेल अशा ‘मॅनीलिनक्स_२_२८’ कंटेनरमध्ये बनवते आणि टेस्ट नव्या-जुन्या दोन्हींवर चालवते. मॅकचंही बघा: ‘मॅकओएस-१४’ ॲपल सिलिकॉनचं मशीन देतं, इंटेलवाल्यांसाठी वेगळा जॉब लावा.

विंडोजवर देवनागरीची खरी परीक्षा होते. टर्मिनलवर ‘बाळ’ नीट छापलं जातं. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पायथन सिस्टिमचं कोडपेज (अक्षरं साठवायचा जुना, मोजक्या अक्षरांचा तक्ता) घेतो; इंग्रजी विंडोजवर ते बहुधा सीपी१२५२. त्यात ‘ळ’ नाही, ‘ब’ही नाही, आणि ‘युनिकोडएन्कोडएरर’ येते. सीआयमध्ये (या आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टमध्ये) ‘पायथनयूटीएफ८=१’ ही सेटिंग टाकली की एरर जाते, पण ते करू नका. तुमचा बिल्ड हिरवा होईल आणि वापरणाऱ्याकडे टूल पडेल. प्रोग्राम सुरू होतानाच स्टँडर्ड आउटपुटचं एन्कोडिंग यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं) करा, आणि आउटपुट फाइलमध्ये वळवणारी एक टेस्ट कायम ठेवा.

मॅट्रिक्समध्ये (एकच काम तिन्ही सिस्टिमवर चालवायच्या यादीत) ‘फेल-फास्ट’ बंद करा. नाहीतर विंडोज पडलं की बाकीचे जॉबही रद्द होतात, आणि दोष एकाच सिस्टिमचा की सगळ्यांचा, हे कळत नाही.

दुसऱ्यांच्या ॲक्शन्स (वर्कफ्लोत वापरायच्या तयार पायऱ्या) टॅगने, म्हणजे हलवता येणाऱ्या आवृत्तीच्या नावाने, घेऊ नका; कमिटचा (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचा) पूर्ण ४० अक्षरी हॅश, म्हणजे त्याची न बदलणारी ओळख, लिहा. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’चे टॅग कुणीतरी घातक कमिटकडे वळवले आणि अनेक प्रोजेक्टांची गुपितं (पासवर्ड, किल्ल्या) लॉगमध्ये छापली गेली. नवी आवृत्ती आली की हॅश बदलायचं काम डिपेंडाबॉटला (गिटहबच्या अपडेट सुचवणाऱ्या बॉटला) द्या, पण बदल वाचूनच मर्ज करा.

शेवटी, कोड बदलला नाही तरी आठवड्यातून एकदा बिल्ड चालवा; बाहेरचं काही बदललं तर रिलीजच्या आधी कळतं. सार्वजनिक रेपोत (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात) ६० दिवस हालचाल नसली तर गिटहब हे वेळापत्रक बंद करतं. ॲक्शन्स टॅबमध्ये जाऊन ते हाताने पुन्हा चालू करावं लागतं.