सॉकेट जुळलं तरी थांबा, आधी बायॉस बघा

माझ्या डीटीपीच्या कामाचा डेस्कटॉप कोअर आय३-२१०० या प्रोसेसरवर चालायचा. लग्नसराईत पत्रिकांच्या फाइली उघडायला फार वेळ लागायला लागला, म्हणून वापरलेला आय५-३४७० आणला. दोघांचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एकच: एलजीए ११५५. बसवला, पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच. दोन तास रॅम काढून-घालून बघितली. दोष ना रॅमचा होता, ना प्रोसेसरचा. एच६१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) माझा बोर्ड २०११ चा, हा प्रोसेसर २०१२ चा. बोर्डावरच्या जुन्या बायॉसला, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, तो ओळखूच येत नव्हता.

म्हणून पैसे मोजायच्या आधी बोर्डाचं मॉडेल काढा. विंडोजच्या सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर मॉडेल दिसतं, आणि बायॉसचं व्हर्जन व तारीखही तिथेच. पीसी सुरूच होत नसेल तर कॅबिनेट उघडून टॉर्च मारा. मॉडेल बोर्डावर ठळक छापलेलं असतं. कोपऱ्यात ‘रेव्ह’ असं काही लिहिलेलं असेल तर तेही टिपून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांची यादी वेगळी असू शकते.

यादी म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरची सीपीयू सपोर्ट लिस्ट. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधा आणि तो कुठल्या बायॉसपासून चालतो, तो रकाना नीट वाचा. माझं दोन तासांचं उत्तर त्या एका रकान्यात होतं. यादीत नावच नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ‘सॉकेट सेम आहे, चालेल’ यावर तर अजिबात जाऊ नका. एलजीए ११५१ या सॉकेटचंच घ्या: आठव्या पिढीचा कोअर प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या १०० किंवा २०० सिरीज चिपसेटच्या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० सिरीजच लागते.

बायॉस अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करा, आणि पीसी यूपीएसवर ठेवून. मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो.

वॅटही बघा. माझा आय३ ६५ वॅटचा, आय५ ७७ वॅटचा. बोर्ड आणि कूलर दोघांनाही ते झेपायला हवं. आणि इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर कडांना धरून, खाचा जुळवून, सरळ वरून ठेवा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, वरून दाबायचा नाही.